अलाइनमेंटचं मशीन खेळ मोजत नाही

दहा-पंधरा वर्षं चाललेली गाडी अलाइनमेंटला नेली की बऱ्याचदा दोनपैकी एक होतं. एक तर मेकॅनिक खाली वाकून बघतो आणि ‘टाय रॉड जाम आहे, फिरत नाही’ म्हणतो (टाय रॉड म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा). नाहीतर काम होतं, पडद्यावरचे आकडे हिरवे होतात आणि महिन्याभरात गाडी पुन्हा एका बाजूला ओढायला लागते. दोन्हीचं कारण, म्हणजे गंज किंवा सांध्यांतला खेळ (ढिलेपणा), रॅम्पवर चढण्याआधीपासून गाडीखालीच असतं.

मशीन मुख्यतः तीन कोन मोजतं. चाकाचा माथा आत झुकलाय की बाहेर, तो कॅम्बर. स्टिअरिंग फिरवल्यावर चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो पुढे-मागे किती कललाय, तो कॅस्टर. आणि वरून पाहिलं तर चाकाचं तोंड आत आहे की बाहेर, तो टो. टायर सगळ्यात भराभर खातो तो टो. 600 मिलिमीटर व्यासाच्या टायरची पुढची कड मागच्या कडेपेक्षा 1 मिलिमीटर आत असली, की कोन भरतो साधारण 0.1 अंश. एवढ्यानंही ते चाक दर किलोमीटरमागे जवळपास पावणेदोन मीटर आडवं घासतं. टायरवरून आडवा हात फिरवून बघा: एकीकडून गुळगुळीत आणि उलटीकडून करवतीसारखं लागलं तर टोवर संशय घ्यायला हरकत नाही.

आता सांध्यातच 1 मिलिमीटरचा खेळ असेल तर? उभ्या गाडीत चाक एका जागी, ब्रेक मारला की दुसऱ्या. मशीनचा आकडा खोटा नसतो, पण तो त्या क्षणापुरता असतो.

म्हणून आधी खेळ शोधायचा. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर टेकवा. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या 12 आणि 6 वर धरून हलवा. हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला आर्मशी जोडणारा गोल सांधा). कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, कारण दाबलेला ब्रेक बेअरिंगच्या फिरत्या आणि स्थिर भागांना एकत्र बांधतो. 3 आणि 9 वर धरून हललं तर टाय रॉडचा एंड (चाकाकडचा सांधा) किंवा रॅकमधला (स्टिअरिंगनं डावी-उजवीकडे सरकणाऱ्या दांड्यातला) आतला सांधा बघा. टाय रॉडची आणखी पक्की परीक्षा चाकं जमिनीवर असताना होते: एकानं स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्यानं सांध्यावर बोटं ठेवायची. झिजलेला सांधा बोटांना ‘टक’ असा कळतो.

लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातली रबरी नळकांडी, बदलणार असाल तर साध्या रबरी बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळा. चाक लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो. ते लवकर फाटतं, आणि ती बाजू किंचित उचललेलीही राहू शकते.

टो जुळवतात टाय रॉड फिरवून, म्हणून गंजाचं काम दोन-तीन दिवस आधी सुरू करा. टाय रॉडचे उघडे आटे तारेच्या ब्रशनं घासून चिखल काढा, मगच गंज सोडवणारं तेल मारा. चिखलावर मारलेलं तेल चिखलच पितो. सकाळ-संध्याकाळ मारत राहा. चेकनट (रॉड जागेवर पक्का ठेवणारा नट) सोडताना दुसऱ्या पान्यानं एंड धरायचा, नाहीतर सगळा ताण सांध्यावर जातो. काही गाड्यांत एका बाजूचे आटे उलटे असतात, ते आधी बघा. चेकनट सुटला की तसाच सोडू नका, मूळ जागी पुन्हा आवळा. गाडी चालवत न्यायची आहे.

रॅकच्या रबरी बूटची (धूळ रोखणाऱ्या आवरणाची) बाहेरची क्लिप सहसा विसरली जाते. रॉड फिरवताना बूट त्याला चिकटलेला असला तर पिळून फाटतो. क्लिप सैल करून बूटच्या गळ्याशी थोडं ग्रीस लावलं की रॉड आत मोकळा फिरतो.

जुळवणी किती नाजूक असते बघा: रॉडचे आटे 1.5 मिलिमीटर पिचचे (एका फेऱ्यात तेवढा सरकणारे) आणि स्टिअरिंग आर्म (चाकाकडचा, टाय रॉड जोडलेला हात) 130 मिलिमीटरचा धरला, तर पाव फेऱ्यात टायरच्या कडांमधला फरक पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास बदलतो. चेकनट आवळताना रॉड जरासा फिरला तरी मघाचा हिरवा आकडा लाल होतो. आवळल्यानंतरचं रीडिंग मागून घ्या.

निघायच्या दिवशीचं काम थोडं आहे. थंड टायरमध्ये कंपनीनं सांगितली तेवढी हवा भरा, डिक्की रिकामी करा. चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपनं मोजा. डाव्या-उजव्यात सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर स्प्रिंग बसली असावी. ती बदलायची तर अलाइनमेंटच्या आधी आणि जोडीनंच. गाडी ओढत असेल तर पुढचे टायर डावे-उजवे बदलून बघा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. एकाच दिशेनं फिरणारे टायर असतील तर हा प्रयोग नको.

मागच्या चाकांचंही रीडिंग घ्यायला सांगा. बऱ्याच छोट्या गाड्यांत मागे अखंड बीम असतो आणि तिथे जुळवायला सहसा काहीच नसतं. तो आकडा बराच बाहेर असला तर बहुतेक बीम वाकलाय किंवा त्याचे बुश गेलेत. अशा गाडीचं स्टिअरिंग पुढून सरळ करून मिळतं, पण गाडी खेकड्यासारखी किंचित तिरकीच चालते.