टीईए म्हणजे नक्की कुठलं? ट्रायइथेनॉलअमाइन की ट्रायइथाइलअमाइन?

परत तेच. कुणीतरी विचारतं "टीईए किती टाकू" आणि उत्तर देणारा भलत्याच केमिकलबद्दल बोलत असतो. दोन्हींना टीईए म्हणतात, दोन्ही अमाइन (अमोनियापासून बनलेल्या बेस रसायनांचा गट), नावात फरक एवढाच की एकात "इथेनॉल" आणि एकात "इथाइल", म्हणून लोक म्हणतात चालतंय की. नाही चालत.

ट्रायइथेनॉलअमाइन तुम्हाला माहितीच असेल. क्रीम-लोशन, कार्बोमरचं (घट्टपणा आणणाऱ्या पावडरचं) जेल, मेटल कटिंगचं कूलंट, सिमेंट दळताना ग्राइंडिंग एड (दळणं सोपं करणारं). मधासारखं घट्ट, वास जेमतेम. थंडीत कधी कधी गोठतं, घाबरू नका.

खरी मेख ओएचमध्ये, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीत आहे. इथेनॉलच्या तिन्ही हातांच्या टोकाला एकेक ओएच असतो आणि हे ओएच शेजारच्या रेणूंना हायड्रोजन बाँडने इतकं घट्ट धरून ठेवतात की त्याची वाफ सहजासहजी होतच नाही, म्हणून ते उकळायला साधारण 335 अंश सेल्सिअस लागतात आणि फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते ते) 170 च्या वर. ट्रायइथाइलअमाइनकडे ओएचच नाही. ते 89 अंशांनाच उकळतं आणि फ्लॅश पॉइंट शून्याच्याही खाली, म्हणजे खोलीत नुसतं उघडं ठेवलं तरी पेटण्याइतकी वाफ तयार असते, आणि ती हवेच्या साडेतीन पट जड असल्यामुळे जमिनीलगत सरकत लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. ट्रायइथेनॉलअमाइनच्या शेजारी गॅस चालू असला तरी फार बिघडत नाही, ट्रायइथाइलअमाइनमुळे आग लागते.

माझ्यासमोर एकदा जेल बनवायच्या टेबलावर नुसतं "टीईए" लिहिलेला पाच लिटरचा कॅन आला. उचलल्याबरोबर हाताला कळलं, ट्रायइथेनॉलअमाइन असतं तर साडेपाच किलोच्या वर भरलं असतं आणि हा चार किलोसुद्धा नव्हता. झाकण जरा सैल केलं तर सडक्या माशाचा आणि अमोनियाचा वास.

ट्रायइथाइलअमाइनच्या वाफेने डोळ्यांना त्रास होतो, कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) सुजतो, सगळं निळसर धुक्यात दिसतं आणि दिव्यांभोवती वलयं दिसतात. फाउंड्रीत कोल्ड बॉक्सवर (अमाइनच्या वाफेने वाळूचे साचे घट्ट करायच्या पद्धतीवर) काम करणाऱ्यांना हे चांगलंच माहितीये. ट्रायइथेनॉलअमाइनचा त्रास मुख्यतः त्वचेला, म्हणजे जळजळ, काहींना अ‍ॅलर्जी.

"दोन्ही बेसच ना" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. पीकेए (इथे जितका जास्त तितका बेस तीव्र) ट्रायइथेनॉलअमाइनचा 7.8, ट्रायइथाइलअमाइनचा 10.7, म्हणजे जवळपास हजारपट फरक. उलटी चूकही तितकीच वाईट, अ‍ॅसिड क्लोराइडच्या रिअ‍ॅक्शनमध्ये तयार होणारं अ‍ॅसिड शोषायला ट्रायइथाइलअमाइनऐवजी ट्रायइथेनॉलअमाइन टाकलं तर त्याचे ओएच स्वतःच अ‍ॅसिड क्लोराइड खातात आणि बॅच वाया जाते.

रंगावरून ओळखायच्या भानगडीत पडू नका, दोन्ही पाण्यासारखी किंवा पिवळसर असतात.

आणि ट्रायइथेनॉलअमाइन घेतानाही ग्रेड बघा, 85 टक्केवाल्यात उरलेला भाग मुख्यतः डायइथेनॉलअमाइनचा असतो आणि ते नायट्राइटसोबत आलं की कॅन्सरचा धोका असलेलं नायट्रोसामाइन तयार होऊ शकतं.

ऑर्डरवर पूर्ण नाव आणि कॅस नंबर (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) लिहा. ट्रायइथेनॉलअमाइन 102-71-6, ट्रायइथाइलअमाइन 121-44-8. नुसतं टीईए लिहिलेला कॅन मी आता उतरवूनच घेत नाही.