कोल्हापुरात मध्यस्थ व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि पंचगिरीची सवय

कुणी बांध कोरला, कुणी उसाच्या ट्रॉलीची वाट अडवली, कुठे वाटणीत विहिरीच्या पाळ्या ठरवायच्या राहून गेल्या. अशा भांडणात गावची चार जाणती माणसं बसतात आणि शेवटी ‘तू दोन हात सोड, तू गप्प बस’ असा निवाडा देतात. ही झाली पंचांची रीत. मध्यस्थ निवाडा देत नाही, तो लवादही नसतो. तोडगा दोन्ही बाजूंच्या तोंडूनच निघावा लागतो. हे शिकायला अर्ज कुठे करायचा, असं बरेच जण विचारतात, म्हणून हे लिहितोय.

न्यायालयात चालू असलेले दावे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली मध्यस्थीकडे पाठवले जातात. त्यासाठीच्या न्यायालयाच्या मध्यस्थांच्या यादीत प्रामुख्याने वकील आणि निवृत्त न्यायाधीश असतात. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मध्यस्थी व समेट प्रकल्प समिती नेमली. तिच्या अभ्यासक्रमाचं ४० तासांचं प्रशिक्षण हा या कामाचा पाया आहे. वकिलांनी कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे (गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) चौकशी करावी. वकिलीच्या किमान वर्षांची अट त्या त्या वेळच्या सूचनेत दिलेली असते, ती वाचूनच अर्ज भरा. खासगी संस्थेचं ४० तासांचं प्रमाणपत्र घेतलं म्हणून न्यायालयाच्या यादीत आपोआप नाव लागत नाही. पैसे भरण्याआधी हे नीट समजून घ्या.

वकील नसलेल्यांना याच प्राधिकरणात विधी स्वयंसेवक होता येतं. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या महिला, समाजकार्य आणि कायद्याचे विद्यार्थी या सगळ्यांचा विधी स्वयंसेवकांच्या राष्ट्रीय योजनेत उल्लेख आहे. साधारण दहावीपर्यंतचं शिक्षण अपेक्षित असतं. स्वयंसेवक स्वतः खटले मिटवत नाही. तो लोकांना योग्य दारापर्यंत नेतो, पण ऐकून घ्यायची सवय इथेच लागते. मानधन मिळतं, मात्र नोकरी समजून येऊ नका.

मध्यस्थी कायदा, २०२३ मध्ये वस्ती-गावातल्या तंट्यांसाठी तीन मध्यस्थांच्या सामूहिक मध्यस्थीची तरतूद आहे. पण ९ ऑक्टोबर २०२३ ला मोजकीच कलमं लागू झाली आणि ही कलमं त्यांत नव्हती. त्यामुळे ‘सरकारी सामूहिक मध्यस्थ बनवतो’ असं कुणी सांगितलं, तर आधी प्राधिकरणात खात्री करा.

अर्जासोबत आधार, फोटो आणि शिक्षणाचे दाखले तयार ठेवा. वकिलांनी सनदेची प्रत, इतरांनी कामाच्या अनुभवाचा कागद जोडावा. चारित्र्य पडताळणी मागितली तर ती वेळेत मिळावी म्हणून आधीच हालचाल करा.

कागद जमतात, सवय मोडायला वेळ लागतो. प्रशिक्षणात तिघांना बसवतात: दोघं भांडणारे भाऊ, तिसरा मध्यस्थ. आपल्याकडचा जाणता माणूस दहा मिनिटांत ‘असं करूया’ म्हणतो आणि तिथेच चुकतो. आधी विचारायचं: ही वाट तुला कधीपासून, कशासाठी लागते? मग कळतं, राग वाटेचा नसून आईच्या औषधपाण्याच्या खर्चाचा आहे. एकेकट्याशी वेगळं बोलताना एक भाऊ जे सांगतो, ते त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही. घरी जेवतानासुद्धा नाही.

दुसरी कसोटी नात्यांची. ‘कुठलं गाव?’ विचारलं की दोन मिनिटांत पावणा निघतो, हे आपल्या जिल्ह्याचं खास आहे. नातं, जुनी वकिली, देणंघेणं यांतलं काहीही असेल तर बसण्याआधीच दोघांना सांगा. एकानेही हरकत घेतली तर बाजूला व्हा. आणि मारहाणीला घाबरलेल्या बाईला ‘मिटवून घे’ म्हणणं ही मध्यस्थी नव्हे. तिथे आधी तिची सुरक्षितता आणि कायद्याची मदत पाहावी लागते.

चंदगड, शाहूवाडीसारख्या लांबच्या तालुक्यांतल्यांनी आधी आपल्या तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे विचारावं, मगच कोल्हापूरची एसटी धरावी.