गळाच्या तरंड्याला रंग कसा चढला

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील मालगुजारी तलावांच्या पाळीवर गळ टाकून बसलेल्या माणसाची नजर तासन्‌तास दोरीवरच्या बोटभर तरंड्यावर, म्हणजे मासा ओढू लागला की हलणाऱ्या तरंगत्या खुणेवर, खिळलेली असते. गळाने मासे धरणे हा दख्खनमध्ये राजांचाही छंद होता; कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांत मासेमारी आणि शिंगाड्याची शेती मात्र पिढ्यान्‌पिढ्या ढिवर समाजाने सांभाळली.

घरगुती तरंड्याला सुरुवातीला रंग नव्हताच. मोराच्या गळून पडलेल्या पिसाचा दांडा, बाशिंगासाठी वापरतात ते भेंड किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड, यांचा मूळचा फिकट रंग मोकळ्या पाण्यावर पुरेसा दिसे. परंतु उन्हाने पाणी चकाकू लागले की तोच फिकटपणा त्या चकाकीत विरून जाई.

रंगाची सोय गावातच होती. पोळ्याला बैलांच्या शिंगांना पूर्वी हिंगूळ लावत, पुढे डबीतला ऑइलपेंट आला, आणि सणानंतर डबीच्या तळाशी उरलेला लाल रंग तरंड्याच्या शेंड्याला लागणे स्वाभाविक होते. पोळा श्रावण अमावास्येला येतो, म्हणजे नेमके तलाव भरत आलेले असतात तेव्हा. शिंगाड्याच्या हिरव्या पानांत लाल शेंडा दिवसा उठून दिसतो, मात्र दिवेलागणीला तो सर्वांत आधी काळवंडतो. यात रंगाचा दोष नाही. भर उजेडात मानवी डोळा सुमारे 555 नॅनोमीटरच्या पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो, तर अंधारात ती संवेदनशीलता सुमारे 507 नॅनोमीटरकडे सरकते आणि लाल रंग मागे पडतो. हा बदल चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नोंदवला होता.

अमेरिकेत 1930 च्या दशकात विकसित झालेल्या चमकदार फ्लोरोसेंट रंगांनी ही अडचण बरीच कमी केली, कारण हे रंग न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून तो दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतात. असे रंग बरेचसे पारदर्शक असल्यामुळे खाली पांढऱ्या रंगाचा एक हात, म्हणजे थर, द्यावाच लागतो; हाच हात आपल्याकडे सर्रास वगळला जातो आणि मग भेंडावरचा नारिंगी मळकट दिसतो. पिवळसर हिरवा डोळ्याला कितीही सोपा असला तरी शिंगाड्याच्या पानांत तो हरवतो. तिथे माझी पसंती नारिंगीलाच आहे. चकाकत्या पाण्यावर मात्र काळा शेंडा या सगळ्यांहून स्पष्ट दिसतो.

रात्रीसाठी गाड्यांवर लावतात ती ‘रेडियम’ची पट्टी कापून गुंडाळतात. तिच्यात रेडियम नसते. घड्याळांच्या तबकड्यांवर एकेकाळी लावल्या जाणाऱ्या रेडियमच्या रंगावरून ते नाव रूढ झाले. ही पट्टी प्रकाश आला त्याच दिशेने परत फेकते, म्हणून बॅटरी डोळ्याजवळ धरली तरच ती लखलखते.

रंगवलेले तरंडे चिखलाच्या गोळ्यात शेंडा वर करून खोचून वाळवतात. दोन हातांच्या रंगाने तरंडा जड होऊन पाण्यात अधिक बुडतो, त्यामुळे वाळल्यावर तो बादलीत सोडून दोरीवरचे शिसे पुन्हा जुळवावे लागते.