ब्रेसलेटचे सीमाशुल्क वर्गीकरण

परदेशातून भारतात येणारे ब्रेसलेट, कडे, बांगडी किंवा मनगटपट्टा सीमाशुल्क दरपत्रकातील कोणत्या आठ अंकी क्रमांकाखाली मोडतो, हे ठरवण्याची पद्धत. आयातशुल्क, त्यावरचा जीएसटी आणि आयातीवरील निर्बंध याच क्रमांकावरून ठरतात. आयातदार आणि कस्टम हाउस एजंट त्याला नुसते ‘सीटीएच’ (कस्टम्स टॅरिफ हेडिंग) किंवा ‘एचएस कोड’ म्हणतात. ‘फॅशन’ आणि ‘वेलनेस’ हे दुकानातले भेद दरपत्रकाला ठाऊक नाहीत. ते आधी विचारते ते एवढेच, की वस्तू कशाची बनली आहे.

दरपत्रकाचा सांगाडा ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या ‘एचएस’ (हार्मोनाइज्ड सिस्टम) प्रणालीचा आहे. ती १ जानेवारी १९८८ पासून अमलात आली. भारताने १९७५च्या सीमाशुल्क दर अधिनियमाचे दरपत्रक १९८६मध्येच तिच्या धर्तीवर बेतले होते. पहिले सहा अंक सर्व सदस्य देशांत सारखे, पुढचे दोन भारताचे. अर्थ लावण्याचा पहिला नियम असा की प्रकरणांची नावे केवळ सोयीसाठी असतात. निर्णय होतो तो शीर्षकांच्या (म्हणजे चार अंकी क्रमांकांच्या) शब्दांवर आणि प्रकरणांच्या टिपांवर. ब्रेसलेटच्या बाबतीत खरा कायदा या टिपांतच दडलेला आहे.

मुख्य टिपा ७१व्या प्रकरणात आहेत. मौल्यवान धातूचे दागिने ७११३मध्ये, मोती किंवा रत्नांच्या वस्तू ७११६मध्ये आणि इमिटेशन दागिने ७११७मध्ये येतात. टीप ११ इमिटेशनची व्याख्या नकाराने करते: ज्यात खरे मोती नाहीत, मौल्यवान किंवा उपरत्ने नाहीत (ती नैसर्गिक असोत वा कृत्रिमरीत्या घडवलेली) आणि मुलामा किंवा किरकोळ भाग सोडला तर मौल्यवान धातूही नाही, तो दागिना इमिटेशन. यातला ‘मुलामा’ हा शब्द महत्त्वाचा. पितळेच्या कड्याला सोन्याचे पाणी दिले असेल तर ते इमिटेशनच राहते. पण त्याच कड्यावर सोन्याचा पत्रा झाळून किंवा गरम लाटून पक्का बसवला असेल, तर टीप ७प्रमाणे तो ‘मौल्यवान धातूने मढवलेला धातू’ ठरतो आणि कडे ७११३ २०कडे जाते. आपल्याकडे ‘एक ग्रॅम’ नावाने विकले जाणारे दागिने दोन्ही पद्धतींनी बनतात. परदेशातून तसला माल मागवणाऱ्याने पाणी आहे की पत्रा, हे आधी विचारलेले बरे. मिश्रधातूची अट तर आणखी कडक: वजनाने २ टक्के किंवा अधिक सोने असले की या प्रकरणापुरते ते सोन्याचेच मिश्रण समजतात, बाकीचे ९८ टक्के तांबे असले तरी. उलट जर्मन सिल्व्हरमध्ये नावापुरतीच चांदी. ते तांबे, जस्त आणि निकेल यांचे मिश्रण, आणि त्याच्या दागिन्यांना भारताने ७११७ १९ २० हा वेगळा क्रमांक दिला आहे.

रत्नांच्या बाबतीत दोऱ्यालाही किंमत आहे. ॲमेथिस्ट किंवा रोझ क्वार्ट्झचे मणी केवळ वाहतुकीच्या सोयीसाठी तात्पुरते ओवले असतील तर ते ७१०३मध्ये सुटी रत्ने म्हणून येतात. तेच मणी इलॅस्टिकमध्ये ओवून ‘सात चक्र ब्रेसलेट’ झाले की ७११६ २०. आणि मणी हुबेहूब रंगाच्या काचेचे निघाले, तर उपरत्नाचा प्रश्नच संपतो.

आरोग्याच्या दाव्याला मात्र या हिशोबात फारसे वजन नाही. सांधेदुखीवर म्हणून विकले जाणारे तांब्याचे कडे बेस मेटलचा, म्हणजे मौल्यवान नसलेल्या धातूचा, इमिटेशन दागिनाच राहते. डबीवर ‘थेरपी’ छापल्याने ते ९०व्या प्रकरणातले वैद्यकीय उपकरण होत नाही. यॉर्क विद्यापीठाने २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या, संधिवाताच्या ७० रुग्णांवरील चाचणीत तांब्याच्या कड्यांचा व चुंबकी पट्ट्यांचा उल्लेखनीय गुण दिसला नव्हता, ही वेगळी गोष्ट. वर्गीकरण गुण येतो की नाही हे तपासत नाही. मनगटाला आधार देणारा कापडी पट्टाही केवळ ताणामुळे काम करत असेल, तर ९०व्या प्रकरणाची टीप १ त्याला बाहेर काढून कापडाच्या विभागात पाठवते. दाव्यांची दखल घेणारा कायदा निराळा आहे: १९५४चा औषधे आणि जादूचे उपाय अधिनियम, ज्याच्या ‘जादूच्या उपाया’च्या व्याख्येत ताईत आणि कवचही येतात.

काही वस्तू ७१व्या प्रकरणात पोहोचतच नाहीत. काचेच्या बांगड्यांना भारतात ७०१८ १० १० आणि प्लास्टिकच्या बांगड्यांना ३९२६ ४० ११ असे स्वतःचे क्रमांक आहेत. कातड्याचा साधा मनगटपट्टा ४२०३मध्ये कपड्यांची जोडवस्तू म्हणून बसतो, पण शोभेचे ब्रेसलेट म्हटले की इमिटेशन दागिन्यांचा दावा पुढे येतो. इथे वाद रंगू शकतात. जपमाळ मनगटाला गुंडाळली तरी टीप ९मध्ये ती शोभेच्या लहान वस्तूंबरोबर नाही, तर जवळ बाळगायच्या वस्तूंच्या गटात आहे आणि इमिटेशनची व्याख्या त्या गटाला लागू होत नाही. पावले मोजणारे साधे यंत्र ९०२९मध्ये, तर फोनशी माहितीची देवाणघेवाण करणारे स्मार्टवॉच ८५१७ ६२मध्ये धरले जाते. फिटनेस बँडचा प्रश्नही त्यामुळे तो फोनशी बोलतो का, यावर येऊन थांबतो.

या साऱ्याचा पैशाशी संबंध असा. कमी किंमत दाखवून येणाऱ्या इमिटेशन दागिन्यांना आळा घालण्यासाठी २०२२च्या अर्थसंकल्पाने शुल्क २० टक्के किंवा किलोमागे ४०० रुपये, यांतील जास्त असेल ते, असे केले. २०२३मध्ये ते २५ टक्के किंवा ६०० रुपये झाले. त्या दराने किलोला २,४०० रुपयांपेक्षा स्वस्त मालावर टक्केवारी नव्हे, तर तराजू शुल्क ठरवतो. २० ग्रॅमच्या स्वस्त कड्यावर १२ रुपये, १० ग्रॅमच्या साखळीवर ६. मालाडसारख्या इमिटेशन दागिन्यांच्या केंद्रातील कारागिरांना याचा आडोसा मिळतो. जडशीळ माल आणणाऱ्याला मात्र चिमटा बसतो.

बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे सीमाशुल्क खात्याला द्यायचे विवरणपत्र, भरताना क्रमांक आयातदारानेच लिहायचा असतो. २०११पासून स्वयंनिर्धारण लागू आहे. चुकीचा क्रमांक नंतर उघड झाला तर फरकाची रक्कम व्याजासह आणि प्रसंगी दंडासह वसूल होते. शंका असेल तर माल मागवण्याआधीच सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. जानेवारी २०२१पासून त्याची कार्यालये मुंबई व दिल्लीत आहेत. नमुना, घटक धातूंचे प्रमाण आणि जोडणीची पद्धत यांची माहिती नीट दिली तर काम सोपे होते. २०२२च्या दुरुस्तीने असा निर्णय तीन वर्षे, किंवा मध्येच कायदा वा वस्तुस्थिती बदलल्यास तोपर्यंत, बंधनकारक ठरवला होता.