लार्सेन म्हणजे कुणाचा, बाकेन म्हणजे कुठला

हिल्टन हॉटेलचं नाव ऐकून ते इंग्रजच असणार असं वाटतं. प्रत्यक्षात हिल्टन हे ऑस्लोच्या उत्तरेला, क्लोफ्ता गावाजवळच्या एका शेतवाडीचं नाव. हॉटेलं उभारणाऱ्या कॉनराड हिल्टनचे वडील तिथून अमेरिकेत गेले. त्यांचं पूर्ण नाव ऑगस्ट हाल्वोर्सेन हिल्टन. म्हणजे माणूस ऑगस्ट, त्याच्या वडिलांचं नाव हाल्वोर आणि वाडी हिल्टन. नॉर्वेतून गेलेल्या पूर्वजाचं मूळ शोधणाऱ्याला इतकं स्वच्छ नाव हाती लागलं तर त्याचं निम्मं काम झालंच.

बहुतेकांच्या हाती मात्र तीनपैकी दोनच शब्द येतात. अमेरिकेतल्या थडग्यावर ‘ओले लार्सन’ कोरलेलं असतं किंवा जमिनीच्या कागदावर ‘ओले बाकेन’ लिहिलेलं असतं, आणि दोन्हीकडे दुसऱ्या शब्दाला आडनाव समजून शोध सुरू होतो. सगळा घोळ तिथेच होतो. जुन्या नॉर्वेत खेड्यापाड्यातल्या माणसाला आपण म्हणतो तसं आडनाव नव्हतंच. त्याच्या नावापुढे दोन वेगळ्या गोष्टी लागत, एक वडिलांचं नाव आणि दुसरं वाडीचं. ‘कुणाचा?’ याचं उत्तर पहिल्यात असे आणि ‘कुठला?’ याचं दुसऱ्यात.

मराठी माणसाला यातलं अर्धं आधीच ठाऊक आहे. समजा, नारायण विष्णू पेडणेकर हे नाव घेतलं. मधलं नाव वडिलांचं, शेवटचं गावाचं. नॉर्वेत मधल्या नावाला शेपूट लागे. लार्सचा मुलगा लार्सेन, लार्सची मुलगी लार्सदात्तर. ओले लार्सेनला मुलगा झाला आणि त्याचं नाव पेडर ठेवलं, तर तो पेडर लार्सेन होत नसे, पेडर ओल्सेन होई. त्याचा मुलगा पुढे पेडरसेन. दर पिढीला नाव बदलणार, म्हणून ‘लार्सेन घराणं’ शोधायला निघालात तर ते सापडणार नाही, कारण तसं घराणं नव्हतंच. बाईचंही तसंच. ती लग्नानंतरही जन्मभर आपल्या बापाचीच मुलगी म्हणून लिहिली जाई. आपल्याकडे लग्न झालं की बाईची मागची दोन्ही नावं बदलतात आणि माहेरचा माग तिथेच हरवतो. नॉर्वेत चर्चच्या पाद्र्यांनी लिहिलेल्या नोंदवहीत आईचं नाव मारी हान्सदात्तर असं दिसलं की आजोबा हान्स होते हे लगेच कळतं. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मला त्या पाद्र्यांबद्दल फार कृतज्ञता वाटली.

शेवटच्या नावात मात्र आपली सवय आपल्यालाच फसवते. पेडणेकर मालवणात जाऊन राहिला तरी पेडणेकरच राहतो. किंबहुना पेडणं सोडल्यावरच तो पेडणेकर होतो, गावात असताना सगळेच पेडण्याचे. नॉर्वेत नेमकं उलटं होतं. ‘गोर’ म्हणजे घर, गोठा, शेत आणि कुरण मिळून एक नाव असलेली जागा. मी तिला वाडी म्हणतो आहे. माणूस ज्या वाडीवर राहतो तिचं नाव त्याला लागे. वाडी सोडली की नाव सुटे, नवी धरली की नवं लागे. बाकेन वाडीवर जन्मलेला ओले लार्सेन हौगेन वाडीवर गडी म्हणून राहिला की ओले लार्सेन हौगेन, आणि पुढे मोएन वाडीच्या मुलीशी लग्न करून घरजावई झाला की ओले लार्सेन मोएन. माणूस एकच, नोंदी तीन. ही नावं वंशाची निशाणी नव्हती, तो पत्ता होता.

पत्ता एक असला म्हणून रक्त एक असतंच असं नाही. मोठ्या वाडीच्या कडेला जमिनीचा एखादा तुकडा कसून राहणारे कूळ असत. त्यांना ‘हुस्मान’ म्हणत. राहण्याच्या मोबदल्यात ते मालकाच्या शेतावर राबत. त्यांच्या नावापुढे कधी त्यांच्या तुकड्याचं नाव लागे, कधी मालकाच्या वाडीचं. तेव्हा एकाच पानावर दोन सोलबर्ग दिसले तर एक जमिनीचा मालक आणि दुसरा त्याचा कूळ असू शकतो, नातं काहीच नाही. अमेरिकेत गेलेल्यांमध्ये हुस्मान आणि त्यांची पोरं खूप होती. म्हणून ‘आमचे पूर्वज अमुक वाडीचे’ असं म्हणण्याआधी नोंदीत नावाच्या आधी काय लिहिलंय ते पाहावं. ‘गोरमान्ड’ म्हणजे वाडीवाला, ‘हुस्मान्ड’ म्हणजे कूळ. एका शब्दाने घराची सगळी कहाणी बदलते.

अमेरिकेत पाऊल ठेवल्यावर ही दोन्ही नावं एकदम गोठली. ४ जुलै १८२५ रोजी स्तावांगरहून ‘रेस्टॉरेशन’ नावाचं छोटं गलबत ५२ माणसं घेऊन निघालं आणि ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला पोचलं तेव्हा त्यावर ५३ जण होते, वाटेत एक मूल जन्मलं होतं. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून जास्त नॉर्वेजियन उत्तर अमेरिकेत गेले. तिथे सगळ्या घराला एक कायमचं आडनाव लागे. कुणी वडिलांचं नाव धरलं, कुणी वाडीचं. त्या पहिल्या गलबताची वाट ज्याने आधी जाऊन पाहिली होती, तो इतिहासात क्लेंग पीअरसन म्हणून ओळखला जातो. नॉर्वेत तो क्लेंग पेडरसेन हेस्टहामर होता. त्याने वडिलांचं नाव ठेवलं, हिल्टनांनी वाडी ठेवली. सख्ख्या तीन भावांपैकी एक लार्सन, दुसरा बाकेन आणि तिसरा त्याने शेवटी सोडलेल्या वाडीवरून मोएन, असंही होई. पुढे त्यांची नातवंडं शेजारच्या गावांत राहूनही एकमेकांना ओळखत नसत.

म्हणून अमेरिकेतलं नाव वाचताना आधी ठरवायचं की हा शब्द ‘कुणाचा’ सांगतोय की ‘कुठला’. शेवटी ‘सेन’ किंवा ‘सन’ असेल तर वडिलांचं. ‘सन’ म्हणजे स्वीडिश आणि ‘सेन’ म्हणजे नॉर्वेजियन, असा एक नियम लोक सांगतात. अमेरिकेत तो चालत नाही, तिथे सर्रास ‘सेन’चं ‘सन’ झालं. वाडीची नावं बहुधा जमिनीचा आकार सांगतात. बाकेन म्हणजे चढ, हौगेन म्हणजे टेकाड, ली किंवा लीएन म्हणजे डोंगराचा उतार, मोएन म्हणजे सपाट माळ, विक म्हणजे खाडीचा आत वळलेला भाग. शेवटी ‘रुड’ असेल तर जंगल तोडून काढलेली जमीन, आणि तसं नाव बहुधा पूर्व नॉर्वेतलं.

लेखन बदललेलं असणार हे धरूनच चालावं. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर मॉन्डेल यांचं आडनाव मूळचं मुन्डाल, पश्चिम नॉर्वेतल्या फ्यॅरलान्डमधलं. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाचे अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक क्नूट रॉक्नी १८८८ साली पश्चिम नॉर्वेतल्या व्हॉसमध्ये जन्मले ते क्नूट लार्सेन रोक्ने म्हणून. रोक्ने ही व्हॉसमधली वाडी आणि वडिलांचं नाव लार्स. न्यूयॉर्क बंदरात उतरणाऱ्या परदेशी लोकांची तपासणी करणाऱ्या एलिस आयलंड केंद्रातल्या कारकुनाने नाव बदललं, ही गोष्ट अनेक घरांत सांगतात. ते केंद्र सुरू झालं १८९२ साली आणि तिथले कारकून जहाजावरची यादी समोर ठेवून काम करत. नावं बदलली ती बहुतेक नंतर, शाळेत, दुकानात, जमिनीच्या कचेरीत आणि पुष्कळदा त्या माणसाच्या स्वतःच्या इच्छेने.

वडिलांचं नावसुद्धा दर वेळी वडिलांचं नसतं, याचं मला सगळ्यात हेलावून टाकणारं उदाहरण म्हणजे मिनेसोटाचे गव्हर्नर आणि पुढे १८९५ ते १९२३ सिनेटर राहिलेले क्नूट नेल्सन. १८४३ साली व्हॉसजवळच्या एव्हांगर इथे ते एका अविवाहित आईच्या पोटी जन्मले. आईचं नाव इंगेब्योर्ग हाल्डोर्सदात्तर. मुलाचं नाव क्नूड एव्हांगर, म्हणजे फक्त ठिकाण. सहा वर्षांच्या मुलाला घेऊन ती १८४९ साली अमेरिकेत आली आणि तिने व्हॉसच्याच निल्स नावाच्या माणसाशी लग्न केलं. निल्सचा म्हणून मुलगा नेल्सन झाला. कुणी व्हॉसच्या १८४३ सालच्या नोंदीत ‘निल्सचा मुलगा क्नूट’ शोधत बसला तर जन्मभर शोधत बसेल. तिथे ठिकाणाचं नाव खरं बोलतं आणि आईचं नाव खरं बोलतं.

एरवी मात्र दोन्ही नावांची कामं वाटून घ्यावीत: जागा शोधायला वाडीचं नाव आणि माणूस ओळखायला वडिलांचं. त्याआधी अमेरिकेतली कागदपत्रं पुरती चाळायची. तिथल्या जनगणनेत जन्मस्थान म्हणून नुसतं ‘नॉर्वे’ सापडतं, पण नॉर्वेजियन ल्यूथरन चर्चच्या वहीत पुष्कळदा पॅरिशसुद्धा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख, लिहिलेली असते. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथे नॉर्वेजियन-अमेरिकन वंशावळीचं एक केंद्रच आहे. वाडीचं नाव हाती आलं की ओलुफ रिग यांनी सुरू केलेल्या, देशभरच्या वाड्यांच्या नावांच्या बहुखंडी कोशात ते कुठल्या पॅरिशमध्ये आहे ते पाहता येतं. नाव दुर्मिळ असेल तर एका बैठकीत ठिकाण सापडतं. हौगेन किंवा बाकेन असेल तर देशभर ढिगाने निघतील, आणि मग वडिलांचं नाव व जन्मतारीख घेऊन एकेक गाळावं लागतं.

नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘डिजिटलआर्किव्हेट’ घरबसल्या फुकट पाहता येतं. त्यात १८०१, १८६५, १८७५, १९०० आणि १९१० च्या जनगणना आहेत, चर्चच्या वह्यांची पानं आहेत, बंदरांवर पोलिसांनी १८६७ पासून ठेवलेल्या निर्गमनाच्या वह्या आहेत. १८०१ च्या जनगणनेत जन्मस्थान नाही, १८६५ च्या जनगणनेत आहे. शिवाय त्यात प्रत्येक वाडीवर किती गाई, किती मेंढ्या आणि किती बियाणं पेरलं हेही आहे. पूर्वजाचं नाव वाचण्यापेक्षा त्याच्या घरी दोन गाई आणि सहा मेंढ्या होत्या हे वाचताना माणूस जास्त जवळ येतो. १९२३ साली नॉर्वेतही कायद्याने प्रत्येक घराला एकच कायमचं आडनाव आलं. त्याआधीच्या काळातही शहरांत पुष्कळांची नावं गोठून गेली होती, त्यामुळे १९०० सालच्या शहरी हान्सेनचे वडील हान्सच असतील याची खात्री नाही.

आता बाप्तिस्म्याचं एक पान डोळ्यांसमोर आणा. साधारण १८२० नंतर ही पानं छापील रकान्यांची झाली. अक्षर गॉथिक वळणाचं, मोडी पहिल्यांदा पाहताना होतं तसंच होतं, पण दोन-तीन संध्याकाळ बसलं की लागायला लागतं. अनुक्रमांक, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख आणि मग बाळाचं नाव, तेही नुसतं ‘ओले’. लार्सेन नाही, बाकेन नाही. ते पुढच्या रकान्यातून आपण जोडायचं: ‘हुस्मान्ड लार्स पेडरसेन बाकेन’ आणि बायको ‘मारी हान्सदात्तर’. त्याच पॅरिशमध्ये, त्याच वर्षी, दुसऱ्या एका बाकेनवर दुसरा लार्स आणि दुसरा ओले असतोच. मग नजर शेवटच्या रकान्याकडे न्यायची. तिथे बाळाचे धर्म-आईबाप, चार-पाच जण, प्रत्येकाच्या नावापुढे त्याची वाडी. ते बहुधा काका, मामी, आत्या किंवा शेजारी. पहिल्या ओलेच्या पुढे हौगेन आणि मोएनवरची माणसं उभी आहेत, दुसऱ्याच्या पुढे पॅरिशच्या पार दुसऱ्या टोकाची. आणि अमेरिकेतल्या आपल्या ओलेच्या लग्नाच्या नोंदीला साक्षीदार म्हणून मोएनवरचा एक जण आहे.