पघळत नाही, आकसतं

दर्यापूरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मे महिन्यात दुपारी प्लास्टिकच्या संडास-भांड्याची चौकशी करत होतो. शेजारी पाइपाचे एल्बो निवडत असलेल्या काकांना राहवलं नाही. "भाऊ, हे त उन्हायात पघयून जाईन. चिनी मातीचं घ्या." दुकानदारानेही मान डोलावली. बाहेर पारा सेहेचाळीसच्या आसपास असणार, त्यामुळे त्या क्षणी वाद घालणं अवघड होतं.

पण मुद्दा साफ चुकीचा आहे, आणि तो विदर्भात इतक्या ठिकाणी ऐकू येतो की त्यावर लिहायलाच हवं. ही भांडी बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची असतात. हे प्लास्टिक वितळतं सुमारे १६० अंश सेल्सिअसला. अकोल्याचा किंवा चंद्रपूरचा उन्हाळा कितीही बदनाम असला तरी तिथवर पोचायला अजून शंभरेक अंश बाकी आहेत. उन्हाने प्लास्टिक खराब होतं हे खरं, पण ते उष्णतेने नव्हे, अतिनील किरणांनी. हे किरण पॉलिप्रॉपिलीनच्या रेणूंची लांब साखळी तोडतात, मग वस्तू पांढुरकी, खडूसारखी होते आणि बोटाने दाबली तरी तडकते. ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात? त्यात दोन-अडीच टक्के काजळी मिसळलेली असते, ती हे किरण स्वतः शोषून घेते. संडासाचं भांडं चार भिंतींच्या आत बसतं, तिथे ऊन येतं कुठून? धोका आहे तो बसवण्याआधी. गच्चीवर किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात दोन उन्हाळे रचून ठेवलेला माल घेऊ नका, एवढंच.

तर भांडं पघळत नाही. ते आकसतं. हे भांडं डिझाइन करणाऱ्या माणसाची निम्मी झोप या आकसण्याने उडालेली असते, आणि मला स्वतःला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मजा त्यातच वाटते.

पॉलिप्रॉपिलीनचे दाणे साधारण २३० अंशाला वितळवून, प्रचंड दाबाने पोलादी साच्यात भरतात. साच्याचं पोलाद पाणी खेळवून थंड ठेवलेलं असतं. आत गेलेला रस थिजतो, साचा उघडतो, भांडं बाहेर. ऐकायला सोपं. आता हिशोब बघा. २३० अंशाला या रसाची घनता पाऊण ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या आसपास असते, थिजल्यावर ती ०.९० होते. म्हणजे वजन तेच, पण आकारमान १७-१८ टक्क्यांनी घटलं. लांबीत सांगायचं तर सहा टक्के. पन्नास सेंटिमीटरचं भांडं तीन सेंटिमीटरने लहान निघायला हवं!

एवढं आकसायचं कारण निव्वळ थंड होणं नाही. वितळलेल्या अवस्थेत या साखळ्या पिंजलेल्या रुईसारख्या अस्ताव्यस्त असतात. थंड होताना त्यातल्या निम्म्याहून अधिक साखळ्या घड्या घालून शेजारी-शेजारी, ओळीने बसतात. रुईचं सूत झालं की जागा किती कमी लागते ते सेवाग्राममध्ये चरख्यावर बसलेल्या कुणालाही विचारा. या ओळीत बसण्याला स्फटिकीभवन म्हणतात. पॉलिस्टायरीन किंवा एबीएससारख्या प्लास्टिकमध्ये ते होत नाही, म्हणून ती अर्धा टक्काच आकसतात. पॉलिप्रॉपिलीन मात्र खोडकर.

प्रत्यक्षात भांडं सहा नव्हे, दीड-दोन टक्केच लहान होतं. बाकीचं कुठे गेलं? इथे मोल्डिंग मशीनची हुशारी आहे. साचा भरला तरी मशीन थांबत नाही. रस थिजत जातो, जागा मोकळी होते, आणि ज्या तोंडातून रस साच्यात शिरला त्याच तोंडातून आणखी रस रेटला जातो. ते तोंड स्वतः थिजून बंद होईपर्यंत हे दाबून भरणं चालू राहतं. म्हणूनच तोंड कुठे ठेवायचं हा मोठा निर्णय असतो. तोंडाजवळचा भाग शेवटपर्यंत दाब खातो म्हणून कमी आकसतो, दूरच्या कडा जास्त आकसतात. जाड भाग हळू थंड होतो, साखळ्यांना ओळीत बसायला जास्त वेळ मिळतो, म्हणून तोही जास्त आकसतो. एकाच वस्तूचे दोन भाग वेगवेगळे आकसले की वस्तू वाकते. पाय ठेवायची सपाट जागा होडीसारखी वर उचलली जाते, आणि तिच्यावर उकिडवं बसलेला माणूस डुलू लागतो.

त्यामुळे पहिला नियम: भिंतीची जाडी सगळीकडे सारखी. साडेतीन मिलिमीटर धरा. मजबुती हवी म्हणून जाडी दुप्पट केली तर? थंड होण्याचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे चौपट. मशीन तेवढा वेळ अडकून पडणार आणि भांडं महागणार. मग मजबुती आणायची कुठून? खालच्या बाजूने उभ्या पट्ट्या देऊन, ज्यांना कारखान्यात रिब म्हणतात. पण रिब भिंतीइतकी जाड ठेवली तर जोडाच्या जागी प्लास्टिकचा गठ्ठा होतो, तो उशिरा थिजतो आणि वरच्या गुळगुळीत पृष्ठभागावर खळगा पाडतो. अशा खळग्यात पाणी साचतं आणि पाण्याबरोबर घाणही. म्हणून रिबची जाडी भिंतीच्या निम्मी, फार तर साठ टक्के.

दुसरी अडचण साचा उघडण्याची. भांडं आकसताना साच्याच्या आतल्या गाभ्याला घट्ट आवळून धरतं. भिंती अगदी उभ्या असतील तर ते सुटत नाही, ओढलं तर चरे पडतात. म्हणून प्रत्येक उभ्या भिंतीला एक-दोन अंशाचा तिरपेपणा देतात. भांड्याच्या उताराला हा प्रश्न येत नाही, तो तिरकाच असतो. गळ्याला येतो, कारण गळा ही उभी नळी. आणि गळ्याखालचा, पाणी अडवून वास रोखणारा वाकडा ट्रॅप तर दोन अर्ध्यांच्या साध्या साच्यातून निघूच शकत नाही. वळलेली नळी सरळ ओढून कशी काढणार? म्हणून भांडं वेगळं आणि ट्रॅप वेगळा विकला जातो.

साच्याला लागणारा जोरही बघून घ्या. पन्नास बाय चाळीसचं भांडं म्हणजे वरून दोन हजार चौरस सेंटिमीटर. आतला दाब चौरस सेंटिमीटरला सरासरी तीनशे किलो धरला तर साचा मिटून धरायला सहाशे टन जोर लागतो. असं मशीन गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये नसतं, आणि पोलादी साच्याची किंमत काही लाखांत जाते. ती हजारो भांड्यांवर वाटली गेली तरच भांडं स्वस्त पडतं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या करतात तसा साचा फिरवून भांडं करता येईल. त्यात दाब नाही, साचा स्वस्त. पण जाडीवर नीट ताबा राहत नाही, आणि संडासाच्या भांड्याला ताबाच हवा.

कशासाठी एवढा ताबा? इथे चिनी मातीशी तुलना करावी लागते. आपल्याकडे येणारा चिनी मातीचा माल बराचसा गुजरातेतल्या थानगढ भागातून येतो. ओली माती वाळताना आणि मग बाराशे अंशांच्या भट्टीत भाजताना मिळून दहा-बारा टक्के आकसते. प्रत्येक नग जरा वेगळा निघतो. प्लास्टिक दीड-दोन टक्केच आकसतं आणि, हे महत्त्वाचं, दर वेळी तेवढंच आकसतं. दहा हजारावा नग पहिल्यासारखाच. त्यामुळे मातीत जमणार नाही अशी एक गोष्ट प्लास्टिकमध्ये जमते: गळ्याशी घट्ट बसणारी हलती झडप. अमेरिकन स्टँडर्ड या कंपनीच्या अभियंत्यांनी २०१२-१३ च्या सुमारास बांगलादेशात 'साटो' नावाचं असं भांडं आणलं. तळाशी एक झडप, तिला मागून वजन. पाणी आणि मैला पडला की झडप झुकते, रिकामी झाली की वजनाने परत मिटते, आणि तिच्या कडेला राहिलेलं थोडंसं पाणी फट बुजवतं. लिटरभर पाणीही लागत नाही.

पाणी किती लागतं हाच खेड्यातला खरा प्रश्न आहे. शहरी भांड्याच्या ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाण्याची पातळी अडवलेली असते, कारण इमारतीत वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केलं की पाइपात हवेचा ओढा तयार होतो आणि उथळ ट्रॅप कोरडा पडतो. शोषखड्ड्याच्या संडासाला मजलेच नाहीत, खड्ड्यातला वायू जाळीदार विटांमधून मातीत जिरतो. मग ५० मिलिमीटर कशाला? बिंदेश्वर पाठक यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या 'सुलभ'च्या दोन खड्ड्यांच्या संडासात पाणी फक्त २० मिलिमीटर अडवतात आणि भांड्याचा उतार २५ ते २८ अंश ठेवतात. दीड-दोन लिटरच्या टमरेलात काम होतं. सपाट शहरी भांड्याला त्याच कामासाठी बादली लागते. मे महिन्यात हापशीवर रांग लावून आणलेली बादली कोण ओतणार? अनुदानाचे १२,००० रुपये खर्चून बांधलेल्या संडासात तुराट्या आणि गोवऱ्या रचलेल्या दिसतात, त्यामागे लोकांच्या आळसापेक्षा हा उतार जास्त वेळा असतो, असं माझं मत आहे. २० मिलिमीटरचा तोटाही सांगतो. घर उन्हाळ्यात बंद राहिलं तर एवढं पाणी काही दिवसांत उडून जातं आणि वास येतो. परत आल्यावर तांब्याभर पाणी ओतलं की झालं.

मध्येच एक गोष्ट बोलून टाकतो. संडास ईशान्येला नको म्हणून जागा बदलणारे आणि वास्तूवाल्याला त्याबद्दल पैसे मोजणारे लोक आता गावोगाव आहेत. या शास्त्रात होकायंत्र असतं, पण विहीर किती अंतरावर आहे हे कुणी विचारत नाही. खड्ड्यातले जंतू दिशा बघून वाहत नाहीत, भूजलाच्या उताराने वाहतात. अमरावती जिल्ह्यातल्याच शेंडगावच्या गाडगेबाबांनी हातात झाडू घेऊन स्वच्छतेचं महत्त्व आयुष्यभर सांगितलं. दुसऱ्या टोकाला 'नॅनो-अँटीबॅक्टेरियल' भांडी विकणारे आहेत. भांड्याने जंतू मारण्याची गरज नाही. त्याने मैला खाली जाऊ द्यावा, पुरे.

आता प्लास्टिकच्या उणिवा. लोक समजतात प्लास्टिक गुळगुळीत म्हणून घाण चिकटत नाही. उलट आहे. चिनी मातीवरचा चकचकीत थर म्हणजे काच. काचेवर पाणी पसरतं, घाणीच्या खाली शिरतं आणि तिला सोडवतं. पॉलिप्रॉपिलीनवर पाण्याचे थेंब गोळा होऊन घरंगळतात, पण तेलकट, मैलट पदार्थ मात्र त्याला आवडीने धरतात. शिवाय काच कडक आणि प्लास्टिक मऊ. तारेच्या घासणीने एकदा घासलं की चरे पडले, आणि चऱ्यांत घाण कायमची. मऊ ब्रशच वापरायचा.

पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरा थर बसतो हे तिथल्या बायांना सांगावं लागत नाही. संडासात त्यात मूत्राची भर पडते. मूत्रातल्या युरियाचा जंतू अमोनिया करतात, पाणी अल्कधर्मी होतं आणि कॅल्शियमचे क्षार झटकन खाली बसतात. झडपेच्या कडेवर असा थर बसला तर ती नीट मिटत नाही, म्हणून या पट्ट्यात मी झडपेपेक्षा साधा ट्रॅप निवडीन. क्षार काढायला बाजारातलं ॲसिड चालतं. पॉलिप्रॉपिलीनला हायड्रोक्लोरिक ॲसिड काही करत नाही. भांड्याभोवतीचं सिमेंट मात्र ते खातं. आणि ॲसिडबरोबर ब्लीचिंग पावडर कधीच टाकू नका, क्लोरीन वायू सुटतो.

सिमेंटवरून पुन्हा आकसण्यावर येतो, कारण ते कारखान्यात संपत नाही. साच्यातून निघाल्यावरही दिवस-दोन दिवस भांडं थोडं थोडं आकसत राहतं, आणि नंतर दर हिवाळ्यात. डिसेंबरातल्या दहा अंशापासून मेमधल्या पंचेचाळीसपर्यंत पस्तीस अंशांचा फरक. तेवढ्यात पन्नास सेंटिमीटरचं प्लास्टिक सुमारे दोन मिलिमीटर लांबतं-आखडतं, भोवतीचं काँक्रीट त्याच्या दशांशही नाही. त्यात पॉलिप्रॉपिलीनला सिमेंट चिकटत नाही. गवंड्याने कडेला नुसता सिमेंटचा घोटा मारला तर पहिल्याच थंडीत केसाएवढी फट पडते आणि भांडं धुतलेलं पाणी तिच्यातून खाली उतरू लागतं. म्हणून चांगल्या भांड्याच्या खालच्या कडेला भोकं असलेल्या पट्ट्या देतात. काँक्रीट त्या भोकांतून आरपार जाऊन त्याला धरून ठेवतं. वरची फट सिलिकॉनने भरायची. पायाखालची जागा पोकळ ठेवायची नाही, तिथे माल ठासून भरायचा. पोकळ राहिली तर सत्तर किलोच्या माणसाखाली प्लास्टिक दररोज वाकतं आणि काही वर्षांत कायमचं झुकतं.

राहिला ट्रॅपच्या खालचा पाइप. काळ्या भारी जमिनीत संडासाचा पायाच पावसाळ्यात फुगून उचलला जातो आणि उन्हाळ्यात भेगाळून बसतो. हा जोड सिमेंटने पक्का केला तर तो फुटणारच. तिथे रबराची रिंग हवी. ती भांड्यासोबत सहसा येत नाही, वेगळी मागून घ्यावी लागते.