फोटोखाली फक्त ‘बिशारी’

जुन्या फोटोंच्या लिलावांत एक चेहरा पुन्हा पुन्हा भेटतो. सडपातळ, ताठ बसलेला पुरुष. अंगाभोवती पांढरं सुती कापड गुंडाळलेलं, एक खांदा उघडा. डोक्यावर केसांचं छत्र आणि त्यात खोचलेली लाकडी काडी. प्रिंटच्या तळाशी पांढऱ्या अक्षरांत ‘बिशारी’, कधी ‘बिशारी टाइप’ (म्हणजे बिशारी नमुना), एखादा क्रमांक, फोटोग्राफरची सही. माणसाचं नाव मात्र नाही.

बिशारी हा बेजा लोकांचा एक गट. हदेंदोवा, अमरार, अबाब्दा, बनी आमेर हे बाकीचे. नाईल नदी आणि तांबडा समुद्र यांच्यामधल्या कोरड्या डोंगराळ पट्ट्यात, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेपासून सुदानमार्गे इरिट्रियापर्यंत ते राहतात. उंट, शेळ्या-मेंढ्या हे धन. भाषा बेदावियेत, ईशान्य आफ्रिकेतल्या कुशिटिक कुळातली. बनी आमेरांपैकी बरेच जण तिग्रे ही वेगळी भाषा बोलतात. फोटोवाल्यांनी बेजांना वाळवंटातले काळाबाहेरचे लोक ठरवून टाकलं. प्रत्यक्षात चौथ्या शतकात आजच्या इथिओपिया-इरिट्रियातल्या अक्सुमचा राजा एझाना त्यांच्यावर केलेली स्वारी शिलालेखात कोरून ठेवतो. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरात पोचतो, तेव्हा त्याला सांगतात की शहराचा एक तृतीयांश हिस्सा इजिप्तच्या सुलतानाचा आणि दोन तृतीयांश बेजांच्या राजाचा. हज यात्रेकरूंच्या वाटेवरच्या बंदरात ज्यांचा हिस्सा सुलतानापेक्षा मोठा, ते लोक इतिहासाबाहेरचे कसे?

पण फोटो विकत घेणाऱ्याला बंदराशी कर्तव्य नव्हतं, त्याला केस हवे होते. आणि केस खरोखरच बघण्यासारखे. कानांच्या वरच्या रेषेत आडवा भांग पाडून वरचे केस उभे पिंजारायचे, खालचे बटा करून मानेवर सोडायचे, आणि सगळ्याला चरबी चोपडायची. लाकडी काडी म्हणजे खिलाल. ती केस पिंजारायला, खाजवायला आणि मिरवायलाही. दंडावर चामड्याच्या छोट्या पुड्या दिसतात, त्यांत ताईत. काही प्रिंटमध्ये सरळ, दुधारी तलवारही असते. तिला कसकारा म्हणतात. ती कमरेला नाही, तर खांद्यावरून काखेखाली लटकवायची. कातडी गोल ढाल आणि वाकडा खंजीर ही उरलेली आयुधं. एक सावधगिरी मात्र हवी. त्या काळच्या स्टुडिओंत असलं सामान बरेचदा फोटोग्राफरचंच असायचं, आणि एकच ढाल वेगवेगळ्या माणसांच्या हातात सापडते. केसांवर विश्वास ठेवावा, ढालीवर जरा जपून.

हे फोटो निघाले बहुतेक पर्यटकांसाठी. थॉमस कुक या इंग्रज प्रवासी कंपनीच्या आगबोटी 1870 च्या दशकात नाईलवर धावू लागल्या होत्या आणि आस्वानला पोचलेल्या प्रवाशाला शहराबाहेरचा बिशारींचा तळ दाखवणं हा कार्यक्रमाचाच भाग झाला. 1899 मध्ये कुकनं तिथं कॅटरॅक्ट हॉटेल उघडलं, तेव्हा तर ही रहदारी आणखी वाढली. विकायला फोटो तयार होतेच: लक्सरला अँटोनिओ बेआतो, पोर्ट सैदला ग्रीक झांगाकी बंधू, कैरोत अर्मेनियन लेकेजियन. त्यांची बरीच कामं अल्ब्युमेन प्रिंटवर आहेत, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या पातळ कागदावर. कागद वळतो म्हणून तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचा. जुना झाला की पिवळटतो. तळाची पांढरी अक्षरं थेट काचेच्या निगेटिव्हवर काळ्या शाईनं लिहिलेली असतात. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच चेहऱ्यांची पोस्टकार्डं झाली. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसले तर तुमच्या हातात फोटो नसून छापील कार्ड आहे.

नावाऐवजी ‘टाइप’ लिहिण्याची खोड काही इजिप्तपुरती नव्हती. आपल्या मुंबईत विल्यम जॉन्सननं 1860 च्या दशकात इथल्या जातीजमातींचे फोटो याच थाटात छापले. स्टुडिओत काढलेली माणसं त्यानं वेगळ्या दृश्यांवर चिकटवून दिली, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावं की माणूस तिथंच उभा होता. युरोपात तर फोटोवरही भागलं नाही. हॅम्बुर्गचा प्राणीविक्रेता कार्ल हागेनबेक यानं पूर्व सुदानातून प्राण्यांबरोबर माणसंही आणवली आणि ‘नूबियन’ या ढोबळ नावाखाली त्यांची प्रदर्शनं भरवली. त्यांत बेजाही होते. 1877 मध्ये पॅरिसच्या जार्दां दाक्लिमातासिओं या प्राणी-उद्यानात असंच प्रदर्शन झालं. मानववंशशास्त्रज्ञ तिथं मोजमापं घ्यायला गेले.

मग युद्ध आलं आणि त्याच केसांचा अर्थ बदलला. 1881 मध्ये सुदानात, स्वतःला महदी म्हणजे तारणहार म्हणवणाऱ्या मोहम्मद अहमदचा इजिप्तच्या सत्तेविरुद्ध उठाव सुरू झाला. तांबड्या समुद्राच्या बाजूनं त्याचा सेनापती सुआकिन बंदराचा उस्मान दिग्ना, आणि त्याच्या फौजेचा कणा हदेंदोवा. 13 मार्च 1884 रोजी तमाईला त्यांनी ब्रिटिश सैन्याचा चौकोनी व्यूह फोडला, काही वेळ मशीनगनही हिसकावून घेतल्या. ब्रिटिश शिपायांनी त्यांना केसांवरून ‘फझी-वझी’, म्हणजे पिंजारलेल्या केसांचे, म्हणायला सुरुवात केली होती; मुंबईत जन्मलेला इंग्रज कवी किपलिंग यानं 1890 मध्ये त्याच नावाची कविता लिहिली आणि ते टोपणनाव इंग्रजी बोलणाऱ्या जगात पसरलं. कविता त्यांच्या शौर्याला सलाम करते आणि त्याच दमात त्यांना हिणवते. त्या काळच्या कौतुकाची हीच तऱ्हा.

या लढायांत हिंदुस्थानी शिपाईही होते. 22 मार्च 1885 रोजी सुआकिनजवळ टोफ्रेकला काटेरी झुडपांचं कुंपण उभारायचं काम चालू असताना बेजांनी एकदम हल्ला चढवला. तिथं मुंबई इलाख्याची 28 वी नेटिव्ह इन्फंट्री होती, 15 वी शीख पलटण होती, बंगालची 17 वी होती, मद्रासचे सॅपर, म्हणजे बांधकाम-खोदकाम करणारे सैनिक, होते. ‘टोफ्रेक’ हा रणसन्मान पुढे त्यांच्या निशाणांवर आला. सुआकिनहून नाईलकाठच्या बर्बरला जाणारा लोहमार्ग टाकायचा बेत मात्र थोडेच मैल रूळ टाकून सोडून द्यावा लागला.

लढाया थंडावल्यावर पराभूत योद्ध्याचा फोटो हा आणखी खपाचा माल झाला. आस्वानचा शांत बिशारी आणि तमाईचा हदेंदोवा यांच्यात खरेदीदार फरक करत नसे, केस तेवढे हवेत.

उस्मान दिग्ना स्वतः 1900 च्या जानेवारीत पकडला गेला आणि 1926 मध्ये वादी हल्फाला वारला. कैदेतला त्याचा फोटो आहे. त्याखाली ‘टाइप’ नाही, त्याचं नाव लिहिलेलं आहे.